ग्लास नूडल्सचा दर वेळी गोळाच होतोय? आधी पाण्याचा हिशोब तपासा

तक्रार एकच असते, फक्त शब्द वेगळे असतात. कुणाच्या ग्लास नूडल्स, म्हणजे शिजल्यावर काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या नूडल्स, पॅनला चिकटतात, कुणाचा सगळा मिळून एक गिच्च गोळा होतो आणि भाज्या त्याच्या बाजूला पडून राहतात, कुणाच्या वरून बुळबुळीत आणि आतून कच्च्या, तर कुणाचं सूप रात्री मस्त झालेलं असतं आणि सकाळी बघावं तर भांड्यात सूपच नाही, नुसत्या फुगलेल्या नूडल्स. आणि यावर ठरलेला सल्ला म्हणजे तेल वाढवा. तेलाने त्या दिवशीपुरतं झाकलं जातं पण पुढच्या वेळी परत तेच, कारण मूळ कारण तसंच राहतं. माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच आहे, नूडल्सना पाणी कधी मिळालं, किती मिळालं आणि किती गरम मिळालं. हे एकदा डोक्यात बसलं ना की रेसिपी कुठलीही असू दे, काय चुकतंय ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

थोडं आतलं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल. गव्हाच्या नूडल्समध्ये पीठ असतं, पिठात ग्लूटेन असतं आणि ते ग्लूटेन नूडलला धरून ठेवतं. ग्लास नूडल्समध्ये पीठच नाही, नुसता स्टार्च आहे, मुगाचा नाहीतर रताळ्याचा नाहीतर बटाट्याचा. बनवताना त्या स्टार्चचं घट्टसर मिश्रण भोकांच्या साच्यातून सरळ उकळत्या पाण्यात सोडतात, धार पाण्यात पडली की लगेच शिजते, तिथून ती गार पाण्यात जाते, मग थंड करून किंवा गोठवून ठेवतात आणि शेवटी वाळवतात. म्हणजे पॅकेटमधली नूडल आधीच एकदा शिजलेली असते, हे लक्षात घ्या. थंड होताना स्टार्चमधले अमायलोजचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि ही पकड सुटायला १०० अंश सेल्सिअसच्या बरंच वर तापमान लागतं, त्यामुळे साध्या उकळत्या पाण्यात चांगली नूडल विरघळत नाही, आकार टिकवून ठेवते. पण स्टार्चचा दुसरा भाग, अमायलोपेक्टिन, तो गरम पाण्यात फुगतो, मऊ पडतो आणि चिकट होतो. तुमच्या पॅनमधला गोळा करणारा हाच.

म्हणून आपलं काम खरं तर नूडल शिजवायचं कमी आणि तिच्यात पाणी परत नीट पोचवायचं जास्त आहे. बाहेरच्या थराला भरपूर गरम पाणी आणि आतल्या गाभ्याला काहीच नाही असं झालं की बाहेर चिकट, आत कच्चं. सगळं पाणी भिजवतानाच पिऊन झालं की पॅनमधे गेल्यावर ती सॉस ओढणार नाही आणि लगदा होणार. आणि पाणी कमी पडलं की ती पॅनमधलं, भाज्यांमधलं, सॉसमधलं मिळेल तेवढं सगळं ओढून घेणार आणि कोरड्या गरम धातूला चिकटून बसणार.

आधी पॅकेट उलटं करून घटक वाचा

हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण लोक एका प्रकारच्या नूडल्सची वेळ दुसऱ्या प्रकाराला लावतात. बारीक, पांढुरक्या, छोट्या जुड्यांमध्ये बांधलेल्या असतात त्या बहुतेक मुगाच्या स्टार्चच्या. चीनमधे लोंगखौ नावाने ज्या ओळखल्या जातात त्या या, थायलंडमधल्या वून सेनही मुगाच्याच. जाड, लांब, करड्या किंवा किंचित तपकिरी झाक असलेल्या म्हणजे कोरियन दांगम्यॉन, रताळ्याच्या स्टार्चच्या, ज्यांची जापचे ही भाज्या घातलेली डिश करतात. जपानमधल्या हारुसामे बऱ्याचदा बटाट्याच्या आणि रताळ्याच्या स्टार्चच्या असतात. व्हिएतनाममधे कर्दळीच्या जातीच्या एका कंदाच्या स्टार्चपासूनही करतात.

फरक का पडतो तर मुगाच्या स्टार्चमधे अमायलोज साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असतं, बटाटा आणि रताळ्यात ते २० च्या आसपास, म्हणजे मुगाची नूडल स्वतःला जास्त घट्ट धरून ठेवते. मुगाच्या बारीक नूडल्स नुसत्या भिजवूनही जवळपास खाण्यालायक होतात. रताळ्याच्या जाड नूडल्स नुसत्या भिजवून होत नाहीत, त्यांना उकळावंच लागतं. आणि घटकांमधे पहिलंच नाव मक्याच्या स्टार्चचं किंवा टॅपिओकाचं (साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याच्या स्टार्चचं) असेल तर त्या नूडल्सकडून मुगाच्या नूडल्सइतकी सहनशक्ती अपेक्षित करू नका, त्यांना भिजवायला गार पाणी, शिजवायला कमी वेळ आणि ढवळायला अगदी हलका हात.

दोन गोंधळ अजून आहेत. राइस व्हर्मिसेली कोरडी असताना हुबेहूब अशीच दिसते आणि एकाच कप्प्यात ठेवलेली असते, पण ती तांदळाची. ओळखायची खूण सोपी आहे, शिजल्यावर ती पांढरीच राहते, ग्लास नूडल आरपार दिसते. तुमची शिजून पांढरीच राहिली आणि तुकडे तुकडे झाले असतील तर तुम्ही बहुतेक ग्लास नूडल्स केलेल्याच नाहीयेत. दुसरा गोंधळ शिराताकीचा, ती पण पारदर्शक, पण कोन्याकू कंदाची, सहसा पाण्यात बुडवलेल्या पिशवीत मिळते आणि ती पाणी ओढत नाही, तिला या पोस्टमधलं काहीच लागू नाही.

भिजवणं, सगळी गडबड इथे होते

मुगाच्या बारीक नूडल्स: उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवून द्यायचं, ही सवय सोडा. निदान ज्या नूडल्स पुढे पॅनमधे परतायच्या आहेत त्यांच्यासाठी तरी. उकळतं पाणी ओतलं की जुडीच्या बाहेरच्या नूडल्स मिनिट-दोन मिनिटात शिजून मऊ होतात आणि जुडीच्या मधे जिथे धागा बांधलाय तिथे पाणी पोचलेलंच नसतं, मग आपण मधलं मऊ व्हायची वाट बघतो आणि तोवर बाहेरचं गेलेलं असतं. त्याऐवजी रूम टेम्परेचरचं पाणी घ्या आणि २० ते ३० मिनिटं ठेवा, घाई असेल तर हाताला सोसेल इतकं कोमट पाणी आणि १० ते १५ मिनिटं. भांडं मोठं घ्या, पाणी भरपूर घ्या, नूडल्स पूर्ण बुडाल्या पाहिजेत आणि वर तरंगत असतील तर एक ताटली ठेवा वरून. पाच मिनिटांनी धागा कापून टाका आणि बोटांनी जुडी मोकळी करा. हे मोकळं करणं विसरू नका, मधला बांधलेला भाग मोकळा झालाच नाही तर तोच पुढे पॅनमधे जाऊन गाठ होतो आणि त्या गाठीभोवती बाकीचं सगळं गोळा होतं.

कधी थांबायचं? घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एक नूडल काढून बोटाभोवती गुंडाळा, न मोडता सहज वळली पाहिजे, पण दाताखाली घेतली तर अजून मधे चिवट लागली पाहिजे, तोडून बघितली तर मधे बारीक पांढरी रेघ दिसते. बस, इथे थांबायचं. परतायच्या नूडल्ससाठी हीच योग्य अवस्था, कारण उरलेलं पाणी तिला आपण सॉसच्या रूपात द्यायचंय. इथे लोकांना धीर धरवत नाही, वाटतं अजून कच्ची आहे, अजून दहा मिनिटं ठेवू, आणि तिथेच खेळ संपतो. पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवायचं ते फक्त सॅलडसाठी, आणि तिथे सुद्धा भिजवून झाल्यावर मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकलं तर टेक्स्चर जास्त चांगलं येतं.

रताळ्याच्या जाड नूडल्सचं वेगळं आहे. भरपूर उकळत्या पाण्यात साधारण ६ ते ८ मिनिटं, पॅकेटवर वेळ दिली असेल तर ती आधी. आधी अर्धा-पाऊण तास साध्या पाण्यात भिजवल्या तर उकळायचा वेळ कमी होतो आणि मुख्य म्हणजे आत-बाहेर सारख्या शिजतात, जाड नूडलला याचा खूप फायदा होतो. शिजली का बघायला एक नूडल काढून गार पाण्यात बुडवून मग चावून बघा, गरम असताना ती कायम जरा जास्तच मऊ वाटते आणि गार झाल्यावर घट्ट होते, त्यामुळे गरम चाखून ठरवलंत तर अंदाज चुकतो. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा आणि हाताने चोळून धुवा, पृष्ठभागावरचा सुटा स्टार्च निघून गेला पाहिजे, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. चिकटपणाचा अर्धा प्रश्न या धुण्यातच संपतो आणि नेमकी हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

उकळत्या पाण्यात तेल घालायचं का, असं खूप जण विचारतात. नको. ते वर तरंगत राहतं आणि बहुतेक पाण्याबरोबर ओतलंच जातं. तेल लावायचंच असेल तर नूडल्स निथळून झाल्यावर लावा, १०० ग्रॅम कोरड्या नूडल्सला एक ते दोन छोटे चमचे पुरतात, तिळाचं असेल तर वासही छान येतो. आणि निथळायचं म्हणजे खरंच निथळायचं, चाळणी दोन-तीनदा झटकून. पण निथळून तासभर तशाच ठेवून देऊ नका, वरचा थर सुकतो आणि सगळ्या एकमेकींना धरतात. आधी करून ठेवायच्याच असतील तर तेल लावून झाकून ठेवा, आणि चिकटल्या तरी घाबरू नका, वापरायच्या आधी परत गार पाण्यातून काढल्या की सुटतात.

हो, आणि कात्री वापरा. भिजल्यावर दोन-तीन ठिकाणी कापून घ्या. आख्ख्या लांब नूडल्स पॅनमधे ढवळताना एकमेकींत गुंततात आणि भाज्या आतमधे शिरतच नाहीत. कोरड्या कापायला जाल तर स्वयंपाकघरभर उडतील, तशी वेळ आलीच तर मोठ्या पिशवीत घालून कापा.

पॅनमधे गेल्यावर गोळा होतो त्याचं काय

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण खरी चीडचीड इथेच होते, भिजवण्यापर्यंत सगळं छान झालेलं असतं, मोकळ्या मोकळ्या नूडल्स, आणि पॅनमधे टाकल्यापासून दोन मिनिटात सगळं एक.

पहिली गोष्ट म्हणजे पॅनमधे पातळ काहीतरी असलंच पाहिजे. गव्हाच्या नूडल्स किंवा भात जसा मोठ्या आचेवर कोरडा परततो तसं हिला चालत नाही. अर्धवट भिजलेली ग्लास नूडल कोरड्या गरम धातूवर पडली की तिचा खालचा थर तिथल्या तिथे मऊ पडून पॅनला धरतो, मग आपण उलथन्याने खरवडतो, मग ती फाटते, फाटली की आतला चिकट स्टार्च बाहेर येतो आणि तो बाकीच्या नूडल्सना चिकटवतो. एकदा हे चक्र सुरू झालं की तेल ओतून थांबत नाही. म्हणून वर सांगितल्यासारख्या अर्धवट भिजवलेल्या १०० ग्रॅम नूडल्सना (हे कोरडं वजन) साधारण अर्धा ते पाऊण कप पातळ पाहिजे, म्हणजे स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) किंवा साधं पाणी, त्यातच सॉस मिसळलेला. भाज्या आधी परतून घ्या, मग हे पातळ ओता, उकळी आली की त्यात नूडल्स, आच मध्यम, आणि दोन-तीन मिनिटात त्या हे सगळं पाणी ओढून घेतात आणि पांढऱ्याच्या आरपार होतात. आरपार झाल्या आणि तळाला पाणी दिसेनासं झालं की आच बंद. तिथून पुढे परतत राहायचं काही कारण नाही.

सॉस नुसता कधीही ओतू नका. सोया सॉस सरळ नूडल्सवर ओतला की जिथे पडला तिथल्या नूडल्स एका क्षणात ओढून घेतात, तो भाग काळा आणि खारट आणि बाकीचं फिकं, मग सगळीकडे रंग यावा म्हणून आपण ढवळ ढवळ ढवळतो आणि नूडल्स तुटतात. आधीच वाटीत सॉस, साखर, पाणी असं सगळं एकत्र करून घ्या आणि साखर विरघळली का बघा, कारण साखर असलेला सॉस आटला की स्वतःच चिकट होतो आणि आपल्याला वाटतं नूडल्सच वाईट आहेत.

दुसरं, पॅनच्या आकाराला झेपेल तेवढंच घ्या. कोरड्या नूडल्स दिसायला एवढ्याशा असतात पण पाणी पिऊन वजनाने तिपटीच्या आसपास जातात, त्यामुळे माणशी ४० ते ५० ग्रॅम कोरड्या पुरतात आणि घरच्या साध्या पॅनमधे एका वेळी १५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. जास्त माणसं असतील तर दोनदा करा, खरंच. गच्च भरलेल्या पॅनमधे खालच्या नूडल्स जळतात, वरच्या कच्च्या राहतात आणि ढवळायला जागाच नसते.

तिसरं, उलथनं बाजूला ठेवा. सपाट उलथनं नूडल्सना खाली दाबतं, आणि दाबलं की त्या चिकटतात. चिमटा किंवा चॉपस्टिक्स किंवा दोन काटे घ्या आणि खालून वर उचला, सोडा, उचला, सोडा. ढवळायचं नाही, उचलायचं. भांडं म्हणाल तर नॉनस्टिक सगळ्यात सोपं, नीट तेल मुरलेली लोखंडी कढईही उत्तम, स्टीलमधे करणार असाल तर नूडल्स थेट धातूवर न टाकता भाज्यांच्या थरावर टाका आणि वरचं पातळ सढळ ठेवा.

आणि एक पर्याय असा की परतायचंच नाही. जापचे नीट बघितलीत तर तिथे भाज्या वेगवेगळ्या परततात, नूडल्स वेगळ्या उकळून सोया सॉस, साखर आणि तिळाच्या तेलात मुरवतात आणि शेवटी सगळं मोठ्या भांड्यात हाताने एकत्र करतात, पॅनचा संबंध जवळजवळ येतच नाही. ज्यांचा गोळा कायम होतो त्यांनी काही दिवस याच पद्धतीने करावं असं मी मनापासून सांगेन, चव तर मिळतेच आणि नूडल्सचा हात बसतो. जपून परतायला नंतर शिकता येतं.

गोळा झालाच असेल तर तो वाचवता येतो, फेकू नका. आच बंद करा, दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी किंवा स्टॉक गोळ्यावर शिंपडा, झाकण ठेवून एक मिनिट थांबा, मग दोन काट्यांनी बाहेरून आत असं हळूहळू सुटं करा. तरीही नाही सुटलं तर कात्रीने तिथेच दोन-चार ठिकाणी कापा, लहान तुकड्यांचे छोटे छोटे पुंजके खाताना कळत नाहीत. सॉस अजून घातलेला नसेल तर गोळा सरळ गार पाण्याच्या भांड्यात टाका, आपोआप सुटतो. पण ज्या नूडल्स जास्त शिजून लगदा झाल्यात त्या मात्र परत नीट होत नाहीत, त्या बारीक चिरून अंड्याच्या ऑम्लेटमधे किंवा डंपलिंगच्या सारणात घालाव्यात, तिथे त्यांचं मऊ असणं उपयोगी पडतं.

नक्की कुठे चुकतंय ते कळतच नसेल तर

एकदा वेळ काढून हा छोटा प्रयोग करा. एक जुडी घ्या, तिचे दोन भाग करा, एक भाग साध्या पाण्यात, दुसरा उकळतं पाणी ओतून. दर दोन मिनिटांनी दोन्हीतून एकेक नूडल काढून वाकवा, तोडा, चावा. तुमच्या हातातल्या त्या विशिष्ट ब्रँडला किती वेळ लागतो ते कळेल, आणि पाणीही बघा, पाणी दुधाळ झालं आणि नूडल्स हाताला बुळबुळीत लागल्या तर त्या जपून वापरायच्या प्रकारातल्या आहेत, पाणी जवळपास स्वच्छ राहिलं तर तुम्हाला बरीच मोकळीक आहे. पॅकेटवरची वेळ ही बहुतेक वेळा पूर्ण शिजेपर्यंतची असते, परतण्यासाठीची नसते, त्यामुळे परतायच्या नूडल्सना ती निम्म्यावर आणावी लागते.

सूप पिऊन टाकतात

हा दोष नाही, हा त्यांचा स्वभावच आहे. भांड्यात पाणी आहे तोवर त्या ओढत राहतात, १०० ग्रॅम कोरड्या नूडल्स २०० ते ३०० मिली सूप सहज संपवतात. त्यामुळे सूप वेगळं आणि भिजवलेल्या नूडल्स वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकाच्या वाटीत नूडल्स घालून वरून उकळतं सूप ओता, मुगाच्या बारीक नूडल्स तेवढ्या उष्णतेवर होतात. एकत्रच उकळायचं असेल तर वाढायच्या दोन-तीन मिनिटं आधी घाला आणि सूपमधे पाणी सुरुवातीलाच वाढवून ठेवा, मीठ मात्र शेवटी चाखून.

हाच स्वभाव काही ठिकाणी मुद्दाम वापरतात. सिचुआनमधे खिमा घालून एक डिश करतात, माई शांग शू, त्यात नूडल्सना स्टॉक आणि तिखट बीन पेस्टमधे उकळत ठेवून जवळजवळ सगळा रस प्यायला लावतात. थायलंडमधे मातीच्या भांड्यात कोळंबीबरोबर झाकून शिजवतात तिथेही तळाला सोडलेला सगळा रस नूडल्समधेच जायला हवा असतो. त्यामुळे ज्यांची तक्रार आहे की नूडल्सना चवच लागत नाही, त्यांनी सॉस वाढवायच्या आधी हे बघावं की नूडल्स सॉसला भेटल्या तेव्हा त्यांच्यात जागा शिल्लक होती का. पाण्याने पोट भरलेल्या नूडलला वरून कितीही सॉस लावा, तो बाहेरच राहतो.

सॅलडमधे उलट होतं, रस खाली साचतो आणि नूडल्स कोरड्या किंवा रस सगळा गायब. यम वून सेनसारख्या थाई सॅलडमधे नूडल्स निथळून किंचित कोमट असतानाच ड्रेसिंग घालायचं म्हणजे ते आत जातं, आणि लगेच खायचं. लिंबू किंवा व्हिनेगर घालून नूडल्स जास्त वेळ उकळू नका, आम्लात आणि उष्णतेत स्टार्च तुटत जातो आणि नूडल्स लवकर मऊ पडतात, आंबट नेहमी आच बंद केल्यावर.

फ्रिजमधून काढल्यावर कडक आणि पांढऱ्या

शिजलेल्या नूडल्स रात्रभर फ्रिजमधे राहिल्या की घट्ट होतात, पारदर्शकपणा जातो, चावायला कोरड्या लागतात, आणि लोक समजतात खराब झाल्या. खराब नाही झाल्या. थंडीत अमायलोपेक्टिन परत जुळून बसतं, आणि फ्रिजचं ४ अंशांच्या आसपासचं तापमान त्याला फार मानवतं. चांगली बातमी ही की ही जुळणी ५०-६० अंशांच्या आसपास परत सुटते. म्हणून पॅनमधे दोन-तीन चमचे पाणी घालून झाकून मंद आचेवर गरम करा, किंवा मायक्रोवेव्हमधे थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवून मिनिटभर, मग उचलून हलवा, परत अर्धा मिनिट. पारदर्शक झाल्या की झाल्या. झाकण आणि पाणी दोन्ही हवं, नाहीतर कडा वाळून कडक होतात. फ्रीझरमधे शक्यतो टाकू नका, घरच्या फ्रीझरमधे हळूहळू गोठताना आत बर्फाचे मोठे खडे होतात आणि वितळल्यावर नूडल्स पाणी सोडतात, भुसभुशीत होतात. आणि शिजलेल्या नूडल्स दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, ओलसर शिजलेला स्टार्च बाहेर पडून राहिला की त्यात पोट बिघडवणारे जिवाणू आरामात वाढतात.

स्प्रिंग रोल आणि तळण

रोल फुटतात किंवा पारी ओली होते त्याला बऱ्याचदा नूडल्स कारण असतात. सारणासाठी नूडल्स अर्धवटच भिजवा, कापडावर टाकून नीट कोरड्या करा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. त्या अर्धवट असल्या की भाज्यांनी सोडलेलं पाणी स्वतःत ओढून घेतात आणि पारी कोरडी राहते, म्हणजे इथे त्या चक्क आपलं काम करतात. सारण मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरा.

कुरकुरीत फुललेल्या नूडल्स सजावटीसाठी हव्या असतील तर भिजवायचंच नाही, पॅकेटमधून काढलेल्या कोरड्याच तळायच्या, आणि बारीक मुगाच्या घ्यायच्या. तेल १९० अंशांच्या आसपास पाहिजे. आधी एकच नूडल टाकून बघा, टाकताक्षणी पांढरी होऊन फुलली तर तेल तयार आहे, तळाशी जाऊन नुसती पडून राहिली तर अजून थांबा. कमी तापलेल्या तेलात त्या फुलत नाहीत, दाताला लागतील इतक्या कडक होतात आणि मग कितीही तळा, फुलणार नाहीत. एका वेळी अगदी छोटी मूठ टाका कारण फुलून त्या कढईभर होतात, दोन-तीन सेकंदात उलटा, परत तेवढंच, आणि लगेच बाहेर. हात आणि झारा पूर्ण कोरडा हवा, आणि भिजवून उरलेल्या नूडल्स चुकूनही या तेलात टाकू नका, आतल्या पाण्याने गरम तेल अंगावर उडतं.